रँचच्या पिकअपमध्ये कायम ठेवायला कोणती बंदूक घ्यावी?

माळरान
नमस्कार मंडळी. टेक्सासमध्ये गुरं आणि शेळ्या आहेत, कुंपणाच्या फेरीला रोज पिकअप काढावाच लागतो. त्यात ठेवायला एक बंदूक हवी आहे. कामं चार: शेळ्यांमागे लागणारे कायोटी (लांडग्यासारखे छोटे रानकुत्रे), रानडुकरं, गोठ्यापाशी निघणारा रॅटलस्नेक, आणि पाय मोडलेल्या जनावराची गोळीने वेदनेतून सुटका. एकच घ्यायची तर बारा गेजची (गेज म्हणजे नळीच्या भोकाचं माप) शॉटगन बरी की रायफल? गाडी दिवसभर उन्हात उभी असते आणि कच्च्या रस्त्याची धूळ सगळीकडे शिरते, हे धरून सांगा.

पक्कानेम
एकच असेल तर .२२३ काडतुसाची आखूड बोल्ट-ॲक्शन रायफल घ्या, म्हणजे हाताने बोल्ट मागे-पुढे ओढून भरायची. रुगर अमेरिकन रँच हे त्यातलं सरळ उदाहरण. नळी १६ इंचांच्या किंचित वर, त्यामुळे सीटमागे सहज मावते. याहून आखूड नळीच्या मागे लागू नका. १९३४ च्या संघीय कायद्यानुसार रायफलची नळी १६ इंचांच्या आत आणि शॉटगनची १८ इंचांच्या आत गेली की वेगळी नोंदणी लागते.

कायोटी सहसा जवळ येत नाही. दीडशे यार्डांवर थांबतो, मागे वळून बघतो आणि पसार होतो. तेवढ्याच वेळात गोळी सुटायला हवी. .२२ लाँग रायफल या छोट्या काडतुसाची ४० ग्रेन वजनाची गोळी तिथवर पोचते, पण तिच्यात दम उरत नाही. नळीतून सुटताना .२२३ ची ऊर्जा तिच्या आठपट तरी असते. कायोटीला ५५ ग्रेन सॉफ्ट पॉइंट, म्हणजे मऊ टोकाची गोळी पुरे. डुकरासाठी मात्र ६० ग्रेनच्या पुढची, न फुटता खोल जाणारी बाँडेड गोळी हवी, कारण मोठ्या नराच्या खांद्यावर जाड राठ कातडं असतं. नेम कानामागे धरा.

बोल्टच का? मागे ओढला की चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामा आहे का ते एका नजरेत दिसतं, आणि धुळीतही तो चालतो. स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, कमी पॉवरचा घ्या, १-४ किंवा २-७ पट. नेम ५० यार्डांवर बसवला की २०० च्या आसपास गोळी पुन्हा त्याच रेषेत येते, मधे फार तर दोनेक इंच वर. गाडीच्या हादऱ्यांनी सगळ्यात आधी ढिले होतात ते स्कोपच्या बेसचे स्क्रू. त्यांना निळं थ्रेडलॉकर (स्क्रू धरून ठेवणारा डिंक) लावा, रंगाने खूण करा. खूण सरकलेली दिसली की नेम पुन्हा तपासल्याशिवाय जनावरावर गोळी झाडू नका.

छर्रा
सापासाठी शॉटगनला तोड नाही, पण वाटेत आडवा आलेला रॅटलस्नेक तसाच जाऊ द्या. गोठ्यातच शिरला तर बारीक छर्रे, चार-पाच यार्डांवरून, आणि मागे दगड किंवा काँक्रीट नाही हे पाहून. छर्रे उलटून डोळ्यात जातात.

पंप शॉटगन (नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून भरायची) घेतलीत तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बहुतेक पंप बंदुकांची सेफ्टी फक्त चाप अडवते, फायरिंग पिन मोकळीच राहते. खड्ड्यात बंदूक आपटली तर चेंबरमधलं काडतूस उडू शकतं. गाडीत चेंबर रिकामाच हवा, आणि खरं तर मॅगझिनसुद्धा.

दुसरी गोष्ट काडतुसांची. एकाच डब्यात १२ आणि २० गेज कधीही ठेवू नका. २० चं काडतूस १२ च्या चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकतं. वरून वाटतं बंदूक रिकामी आहे, मग मागून १२ चं भरलं आणि चाप ओढला की नळी फाटते. २० गेजची काडतुसं म्हणूनच पिवळी करतात. रायफलींमध्ये .३०० ब्लॅकआउट आणि .२२३ या काडतुसांची जोडी इतकीच घातक: एकच मॅगझिन दोन्हींना चालतं, आणि .३०० चं काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये बसलं तर रायफलीचे तुकडे होतात.

माळरान
.३०-३० काडतुसाची लिव्हर-ॲक्शन रायफल (चापाजवळचा दांडा ओढून भरायची) मिळण्यासारखी आहे. ती कशी?

पक्कानेम
डुकरासाठी उत्तम, दीडशे यार्डांपर्यंत. पण नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक असतात, गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (बुडाशी असलेल्या, ठोका बसला की पेटणाऱ्या टोपीला) टेकतं. म्हणून चपट्या टोकाची गोळीच भरा, किंवा मुद्दाम लिव्हर बंदुकांसाठी काढलेली मऊ टोकाची. टोकदार भरलीत तर हादऱ्याने मॅगझिनमध्येच स्फोट होऊ शकतो. शिवाय अनेक लिव्हर बंदुका रिकाम्या करताना प्रत्येक काडतूस चेंबरमधून काढावं लागतं. गाडीत रोज भर-काढ होणार असेल तर हा मोठा तोटा आहे.

गोठा
जनावराच्या सुटकेबद्दल कोणी लिहिलं नाही. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून विरुद्ध बाजूच्या शिंगाच्या मुळापर्यंत दोन्हीकडून रेषा काढा, त्या जिथे छेदतात तिथे गोळी. दोन डोळ्यांच्या बरोबर मधे मारतात ते चूक आहे, ती जागा खाली पडते आणि मेंदू चुकतो. नळी कवटीला टेकवायची नाही, एक-दोन फुटांवरून कपाळाशी काटकोनात धरायची. मोठ्या बैलाला .२२ लाँग रायफल वापरू नका, जनावर हाल होऊन मरतं. .२२३ सॉफ्ट पॉइंट चालते. जनावराच्या मागे माणूस, गोठा, दुसरं जनावर नाही ना, हे आधी बघा.

तेलपाणी
ऊन आणि धुळीचं सांगतो. जास्त तेल लावलं की धुळीचा लगदा होतो, बोल्ट जड होतो आणि फायरिंग पिन मंद पडते. बोल्टच्या लग्सना (तो बंद धरणाऱ्या दातांना) ग्रीसचा पुसट थर, बाहेरून तेलाचा हात फिरवून पुसून घ्यायचं, बाकी कोरडं. नळीच्या तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा लावला तर धूळ आत जात नाही, आणि चिखल नळीत जाऊन ती फुटण्याचा धोकाही टळतो.

फोमच्या मऊ पिशवीत बंदूक कायम ठेवू नका. फोम ओल धरून ठेवतो आणि एका पावसाळी आठवड्यात नळीवर गंजाचे ठिपके येतात. काडतुसं डॅशबोर्डवर नकोत, उन्हात दारूचा दाब वाढतो. सीटखाली, सावलीत, मूळ खोक्यात. वर्षभर गाडीत राहिलेली काडतुसं सरावात संपवा, नवी ठेवा.

खोक्यात कानाचे मफ ठेवाच. केबिनमधून गोळी झाडली तर कान कायमचे जाऊ शकतात. खाली उतरूनच झाडा.

कुलूपकिल्ली
आता कायदा, कारण आपल्यातले बरेचजण व्हिसावर आहेत. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूकच नव्हे, काडतूस बाळगणंही संघीय गुन्हा आहे. मुख्य अपवाद म्हणजे वैध शिकार परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. मालकाची बंदूक असलेला पिकअप व्हिसावरच्या माणसाच्या हातात दिलात तर ताबा त्याचा धरला जाऊ शकतो.

शाळेपासून १००० फुटांच्या आत संघीय बंदी लागू होते. बंदूक रिकामी आणि कुलूपबंद पेटीत किंवा कुलूपबंद रॅकमध्ये असेल तर सूट आहे. दुसऱ्या राज्यातून जाताना बंदूक नेऊ देणाऱ्या १९८६ च्या संघीय कायद्याचं संरक्षण हवं असेल तर बंदूक रिकामी आणि हाताशी नसलेल्या जागी हवी. पिकअपला डिकी नसते, म्हणून कुलूपबंद पेटी. ग्लोव्ह बॉक्स किंवा मधला कन्सोल त्यात धरत नाहीत. पोस्टाच्या आवारात तर गाडीतूनही नेऊ नका.

मागच्या काचेवरचा उघडा रॅक चोराला आमंत्रण देतो. पोलादी पेटी सीटमागे फ्लोअरला बोल्टने बसवा, खालून मोठे वॉशर टाका, नाहीतर पातळ पत्र्यातून बोल्ट उपटून निघतो. किल्ली गाडीच्या जुडग्यात ठेवू नका. लहान मुलं गाडीत चढत असतील तर पेटीसोबत चेंबरमधून जाणारं केबल लॉकही लावा. रात्री गाडी घरापाशी उभी राहिली की बंदूक घरातल्या तिजोरीत. सिरियल नंबर लिहून घरी ठेवा, चोरी झाली तर तक्रारीत तोच लागतो.