बेअरिंग मकरपुऱ्यात हजर, पण पीआर (खरेदीची मागणी) फिरतच राहते. काय करावं?

पंपवाला_नंदेसरी:
मोठ्या केमिकल प्लांटच्या मेंटेनन्सचा प्रश्न आहे. प्रोसेस पंपाच्या थ्रस्ट बाजूला ७३१२ नंबरच्या बेअरिंगची जोडी लागते. वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) अधिकृत डीलरकडे माल तयार असतो. तरी पीआर स्टोअर्स, बजेट, परचेस अशी फिरते, मग तीन कोटेशनं, आणि शेवटी एल-वन (सगळ्यात कमी भाव देणारा) जे आणतो ते जोडीत चालत नाही. परत केलं की पुन्हा श्रीगणेशा. तोवर स्टँडबाय पंप उघडाच. खरेदीला सॅप सॉफ्टवेअर आहे. नियमात राहून ही साखळी कुठे तोडता येते?

स्टोअर_खिडकी:
परचेसला शिव्या घालण्याआधी आयटम मास्टर (मालाची सॅपमधली नोंद) उघडा. सॅपमध्ये मटेरियलचं छोटं वर्णन ४० अक्षरांचं. कोणीतरी 'बेअरिंग ७३१२' एवढंच टाकून मोकळा झालेला असतो. डीलर ७३१२ बीईपी देतो, तुम्हाला हवं असतं ७३१२ बीईसीबीएम. 'बी' म्हणजे ४० अंशांचा कॉन्टॅक्ट अँगल, 'एम' म्हणजे गोळ्या धरणारा पितळी केज, आणि खरी मेख 'सीबी'त आहे: दोन नग पाठीला पाठ लावले की ठरलेला क्लिअरन्स (आतली मोकळीक) त्यामुळेच मिळतो. असे जुळणारे नसलेले दोन नग शेजारी बसवले तर क्लिअरन्सचा भरवसा राहत नाही आणि बेअरिंग तापू शकतं. परचेसवाल्याला हे कळायचं कारण नाही. त्याला दोन भाव दिसतात, तो कमी भावाचा घेतो.

पूर्ण सफिक्स (नंबरापुढची अक्षरं) वर्णनात घाला. 'जोडीत वापरण्यासाठी, सीबी नसलेला पर्याय चालणार नाही, अधिकृत डीलरचं पत्र हवं' हे मास्टरमधल्या पीओ (खरेदी ऑर्डर) टेक्स्टमध्ये. ते टेक्स्ट पीओवर आपोआप छापलं जातं. नुसत्या पीआरच्या शेऱ्यात लिहिलंत तर पुढच्या वेळी पुन्हा लिहावं लागेल, आणि कोणीतरी विसरेलच.

दर_करारवाला:
सफिक्स सुधारला तरी फेऱ्या तेवढ्याच राहतील. नेहमी लागणाऱ्या मालाची दरवेळी कोटेशनं मागवणं हाच मूळ घोळ आहे. एकदाच स्पर्धात्मक चौकशी करून वर्षाचा दर करार करा, मग प्रत्येक वेळी त्याच दराने माल मागवणारी फक्त रिलीज ऑर्डर.

सोबत रीऑर्डर पॉइंट (साठा किती उरला की नवी मागणी काढायची तो आकडा) लावा. समजा वर्षाला ८ नग लागतात आणि लीड टाइम (मागणीपासून माल हाती येईपर्यंतचा काळ) ३ महिने: त्या काळात २ लागतील, वर एक जोडी राखीव, म्हणजे पॉइंट ४. राउंडिंग व्हॅल्यू २ ठेवा, म्हणजे मागणी दोनच्या पटीतच निघेल, जोडी फुटायला नको. लोक चुकतात ते लीड टाइममध्ये. डीलरचे ४ दिवस भरतात; पीआर सहीसाठी पडून राहते ते दिवस कोण धरणार?

पंपवाला_नंदेसरी:
करार होईपर्यंत पीआरचे तुकडे करून खालच्या रकमेच्या मर्यादेत बसवले तर?

ऑडिट_पाहिलेला:
अजिबात नको, दादा. एकच मटेरियल कोड, एकच कॉस्ट सेंटर, लागोपाठच्या तारखा. ऑडिटर हा रिपोर्ट सगळ्यात आधी काढतो. खरोखर पंप बंद असेल तर इमर्जन्सी खरेदीच करा, पण ब्रेकडाउन नोटिफिकेशनचा नंबर, स्टॉक शून्य असल्याचा स्क्रीनशॉट आणि विभागप्रमुखाची लेखी मंजुरी माल उचलण्याआधी फाइलला लावा.

दांडिया_बाजार_हिशेब:
पैशांचंही बघा. पीओ, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि बिल जुळल्याशिवाय पेमेंट निघत नाही. माल क्वालिटीच्या शेऱ्याविना अडकला की बिलही अडकतं. चांगला डीलर अशा ठिकाणी कोट करणं सोडतो आणि मग उरतो तुमचा एल-वन.

'४५ दिवसांचा कायदा आहे ना' असं म्हणून स्वस्थ बसू नका. छोट्या उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ नुसार पेमेंटला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. पण व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणीचा फायदा प्राधान्य क्षेत्राच्या कर्जापुरताच आहे. पंपाची सील बनवणाऱ्या छोट्या कारखान्याला हे संरक्षण मिळतं, बेअरिंगच्या डीलरला नाही. म्हणून पेमेंटची मुदत दर करारातच लिहून घ्या, आणि माल गेटवर आला की क्वालिटीची सही कोण करणार, किती दिवसांत, तेही.