हेंजचं वय: बांधातला कोळसा की खंदकातलं शिंग?

चकमक:
इंग्लंडमधल्या हेंजच्या (प्राचीन गोल खंदक आणि त्याबाहेरचा बांध) अहवालांत कार्बन-१४ तारखेसाठी खंदकाच्या तळातल्या हरणाच्या शिंगांवर भर असतो. पण खंदकातून निघालेलाच खडू (तिथला मऊ पांढरा खडक) बांधावर गेला ना? मग बांधातला कोळसा का चालत नाही?

थरकरी:
कोळसा बांधाआधीचाही असू शकतो. जुन्या चुलींची राख, खापरं, सगळं खणताना उचललं जातं. त्यावरून एवढंच ठरतं की बांध त्यानंतरचा. त्यात दोनशे वर्षांच्या ओकच्या गाभ्याचा कोळसा असेल, तर तारीख गाभा वाढला तेव्हाची, म्हणजे झाड तोडण्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीची येते. लाल हरणाचं शिंग दरवर्षी गळून नवं येतं, त्यामुळे हा घोळ नाही. मात्र ते कुदळ म्हणून वापरलेलं हवं: डोळ्याजवळचा फाटा राखलेला, बाकीचे छाटलेले, टोक झिजलेलं, मागचा बुडखा ठोकून चेपलेला. असं शिंग तळाच्या खडूवर पडलेलं मिळालं की ते खोदकामाच्याच वेळचं. स्टोनहेंजचा खंदक इ.स.पू. ३००० च्या सुमाराचा ठरला तो अशाच शिंगांवरून. (गंमत म्हणजे तिथला मुख्य बांध खंदकाच्या आत आहे, हेंजच्या व्याख्येच्या उलट.)

पण तळावरचं सगळंच धरू नका. तिथे ठेवलेले गुरांचे जबडे शिंगांहून जुने निघाले. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जपून मग मांडलेले. विधीबद्दल यातून जास्त कळतं, तारखेबद्दल कमी.

चकमक:
शिंग तळाच्या थोडं वर, भरावात (खंदकात नंतर साचलेल्या मातीत) असेल तर?

गोगलगाय:
कुठल्या भरावात ते बघा. इंग्लंडमधल्या ओव्हर्टन डाउनला १९६० मध्ये प्रयोगासाठी मुद्दाम बांध-खंदक करून ठेवला आणि ठरावीक वर्षांनी कापून पाहिला. पहिल्या काही हिवाळ्यांतच गारठ्याने कडा ढासळून खडूची ढेकळं कोपऱ्यांत साचली. त्यातलं शिंग चालेल. त्यावरची बारीक माती सावकाश साचते, शिवाय गांडुळं आणि सशांची बिळं वस्तू वरखाली करतात. तिथली एकटी तारीख कुणी देऊ नये.

आणि बांध फुकट नसतो. त्याखाली दबलेली जुनी जमीन सोडू नका; बांधाआधी तिथे काय उगवत होतं ते तिच्यातून कळतं. खडूत परागकण नीट टिकत नाहीत, गोगलगायींचे शंख टिकतात. एक-दोन किलो माती वाळवून अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर धुवा. सावलीतल्या जाती जास्त आल्या तर तिथे झाडी होती, उघड्यावरच्या आल्या तर गवत. मोठी चाळणी घेतलीत तर लहान जाती निसटतात, आणि निकाल उलटा येऊ शकतो.