मोटारीचा धूर आणि सड्यावरचे गवत

प्रश्न (टिळकवाडी): आम्ही तिघे पॅराग्लायडिंगसाठी (कापडी छत्रीच्या आधाराने हवेत तरंगण्याच्या खेळासाठी) हिवाळ्यात दर महिन्याला बेळगावहून पुण्याजवळच्या कामशेतला आपापल्या मोटारीने जातो. इंजिन नसलेल्या या खेळाचा निसर्गाला उपद्रव नाही, ही आमची समजूत बरोबर आहे का?

उत्तर (शहापूर): हवेत नाही, पण रस्त्यावर आहे. जाऊन-येऊन सुमारे 750 किलोमीटर होतात. लिटरला 15 किलोमीटर धरले तर 50 लिटर पेट्रोल जळते आणि लिटरमागे साधारण 2.3 किलो या हिशेबाने एका मोटारीमागे 115 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तिघांनी एकच मोटार न्यावी; त्याहून बरे म्हणजे रेल्वेने पुण्यापर्यंत आणि पुढे लोणावळा लोकलने कामशेतला जावे. पाठीवर छत्री-सामानाचा पंधरा-वीस किलोंचा बोजा घेऊन लोकलमध्ये चढणे सुखाचे नाही, हे मी अनुभवाने मान्य करतो.

उत्तर (खानापूर): हिशेब पटला, तरी माझी काळजी वेगळी आहे. आमच्या जांबोटीकडच्या सड्यांवर, म्हणजे सपाट खडकाळ पठारांवर, जांभ्या दगडावर मातीचा जेमतेम थर असतो, आणि उड्डाणाआधी छत्री पसरताना दहा जणांनी तीच जागा तुडवली की तिथले गवत पुढच्या पावसापर्यंत सावरत नाही. शिवाय हिवाळ्यात शाहीन ससाणा कड्याच्या कपारीत घरटे करतो. तो ओरडत अंगावर येऊ लागला, तर तो कडा सोडून दूर जावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहोत. जानेवारीची तिकिटे आजच काढतो.