बिशचा शेवटचा अल्बम : तुम्ही कधी ऐकलात? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात जपानी गाण्यांवर गप्पा चालल्या होत्या आणि बघता बघता तिघाचौघांनी बिशचं नाव घेतलं. मला इतकी वर्षं वाटायचं की मराठीत हे ऐकणारी मी एकटीच! म्हणून हा धागा काढतेय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. २०१५ साली जुन्नोसुके वातानाबे या निर्मात्याने हा मुलींचा गट उभा केला. नाव म्हणजे 'ब्रँड न्यू आयडल' आणि त्यापुढे एक इंग्रजी शिवी, यांचं लघुरूप. रोमन लिपीत लिहिताना बाकी अक्षरं मोठी, 'आय' तेवढं लहान. स्वतःची ओळख त्या 'वाद्यं न घेतलेला पंक बँड' अशी करून द्यायच्या. चाहत्यांना म्हणायचं 'सेइसोइन', म्हणजे सफाई कर्मचारी. आयना द एंड, सेंट चिहिरो चित्ती, मोमोको गुमी कंपनी, हाशियासुमे आत्सुको, लिंगलिंग आणि २०१६ मध्ये आलेली आयुनी डी, या सहाजणी शेवटपर्यंत होत्या.

'गोइंग टू डिस्ट्रक्शन' आला ४ ऑगस्ट २०२१ ला. पुढे सिंगल्स, म्हणजे सुटी गाणी, खूप आली, पण नव्या गाण्यांचा पूर्ण अल्बम हा शेवटचाच. त्याच वर्षी २४ डिसेंबरला नाकानोतल्या हेवीसिक झीरो या लहानशा जागेत, जिथून त्यांची सुरुवात झाली होती तिथेच, त्यांनी जाहीर केलं की २०२३ मध्ये आम्ही थांबतोय.

मी तो अल्बम ऑगस्टमध्ये ऐकला तेव्हा मला तो नुसता जोरकस वाटला. गिटारचा धबधबा, सहा गळे, बस. नाताळच्या सुट्टीत परत लावला आणि दुसऱ्याच गाण्यात उठून बंद केला. नावच 'विनाशाकडे निघालोय' असं होतं आणि चार महिने मी ते नुसतं मुखपृष्ठावरचं एक नाव म्हणून वाचत होते. म्हणून विचारते : तुम्ही तो २४ डिसेंबरच्या आधी ऐकलात की नंतर? आणि त्यानंतरची दीड वर्षं कशी गेली?

मोकळेपणाने लिहा. लांबी कितीही चालेल.

निशीकासाई, टोक्यो

ताई, मी आधी ऐकला. तेव्हा टोक्योत लाइव्ह कार्यक्रम होत होते, पण तोंडाला मास्क आणि ओरडायची बंदी. फक्त टाळ्या. पंकच्या कार्यक्रमात हजारो माणसं गप्प उभी राहून टाळ्या वाजवतायत, हे ज्याने पाहिलं नाही त्याला मी समजावू शकत नाही. गाणं संपलं की घशाशी आवाज यायचा आणि तिथेच थांबायचा. या अल्बमची गाणी माझ्या डोक्यात अशी बसली आहेत : समोर प्रचंड आवाज, आणि आपल्या बाजूला काहीच नाही.

म्हणून २९ जून २०२३ बद्दल लिहितो. टोक्यो डोम, शेवटचा दिवस. गुरुवार होता. सकाळी आईचा फोन आला, "आज एकादशी आहे, लक्षात आहे ना?" आषाढी! मी तिकीट हातात घेऊन दिवस मोजत होतो आणि तिथी विसरलो होतो. आईला सांगितलं, उपास करतो. साबुदाणा घरात होता, दाण्याचं कूट नव्हतं. इथल्या किराणा दुकानातून खारे दाणे आणले, धुतले, वाळवले, भाजले. खिचडी चिकट झाली, पण डब्यात भरली आणि सुइदोबाशी स्टेशनच्या बाहेर कठड्यावर बसून खाल्ली. जून अखेरची दमट हवा. आजूबाजूला काळे टी-शर्ट घातलेली माणसं, कुणी शाळेच्या गणवेशात, कुणी ऑफिसातून थेट आलेलं. शेजारी बसलेल्या साठीच्या बाईंनी डब्याकडे बघून विचारलं, हे काय? मी म्हटलं, आज आमच्याकडे उपास असतो, माझ्या राज्यात आज लाखो लोक पायी चालत एका गावी पोचलेत. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, मीही सेंदाईहून आलेय.

आत पन्नास हजारांच्या आसपास लोक. आणि आता ओरडायला परवानगी होती. दोन-अडीच वर्षं घशात अडकलेलं सगळं बाहेर आलं. 'ऑर्केस्ट्रा'चे व्हायोलिनचे सूर सुरू झाले तेव्हा माझ्या डावीकडच्या अनोळखी मुलाने माझ्या खांद्यावर हात टाकला, मी उजवीकडच्या माणसाच्या खांद्यावर टाकला. मी आयुष्यात एकदाच वारीत चाललोय, आळंदी ते पुणे, कॉलेजात असताना. त्यानंतर असा खांदा पहिल्यांदा मिळाला. याला कुणी अतिशयोक्ती म्हणेल, म्हणू दे.

घरी आल्यावर आईने विचारलं, दर्शन झालं का? तिला ऑनलाइन दर्शन म्हणायचं होतं. मी हो म्हटलं.

नाशिक

मी नंतर ऐकला. 'ब्लॅक क्लोव्हर' या ॲनिमेचं दुसरं ओपनिंग, म्हणजे सुरुवातीचं गाणं, यांचं आहे, तेवढीच ओळख होती. २०२३ च्या जुलैमध्ये कुणीतरी निरोपाच्या कार्यक्रमाचे फोटो टाकले आणि मला कळलं की हा गट आता नाहीच. मग सगळं उलट्या क्रमाने ऐकलं, शेवटापासून सुरुवातीकडे. त्यामुळे मला तुमचा प्रश्न लागूच होत नाही. माझ्यासाठी त्या कायम थांबलेल्याच होत्या. कधी कधी वाईट वाटतं की माझ्या वाट्याला वाट पाहणं आलंच नाही.

सातारा जिल्हा

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. माझं जपानशी काही नातं नाही, भाषा येत नाही. भाच्याने मोबाइलवर लावून दिलं होतं. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

२०२१ च्या पावसाळ्यात माझा आवाज बसला तो उठेचना. मुलं शाळेत येत नव्हती, तेव्हा आम्ही वस्त्यांवर जाऊन झाडाखाली, देवळात शिकवत होतो. उघड्यावर, मास्क लावून, ओरडून. डॉक्टर म्हणाले स्वरयंत्रावर गाठी आहेत. साध्या गाठी, शिक्षकांना आणि गाणाऱ्यांना होतात. शस्त्रक्रिया झाली आणि पुढे काही दिवस एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही असं सांगितलं. मी घरात पाटी घेऊन फिरायचे. सासूबाई पाटी वाचायला चष्मा शोधायच्या, तोवर माझं म्हणणं शिळं व्हायचं.

त्या दिवसांत भाच्याने हा अल्बम ऐकवला आणि म्हणाला, मामी, ही जी खरखरीत आवाजाची आहे ना, आयना, तिचंही हेच ऑपरेशन झालंय, २०१६ च्या डिसेंबरमध्ये. गटाची मुख्य गायिका, आणि तिने आवाज बंद ठेवून वाट पाहिली. त्यानंतर ती गायली हे असं!

मी तो आवाज किती वेळा ऐकला असेल. गुळगुळीत नाही तो. वर जाताना फाटतो, आणि फाटलेला असूनही पोचतो. माझा आवाज परत आला तेव्हा पूर्वीसारखा नव्हता, जाडसर झाला होता. पहिल्या दिवशी वर्गात 'हजर' घेतली तर मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तुमचा आवाज मोठ्या माणसासारखा झाला." मला ते आवडलं. हा आवाज मी आता जपते. वर्गात घंटी ठेवली आहे, ओरडत नाही.

त्या गटाने कधी थांबायचं ठरवलं वगैरे मला नंतर कळलं. माझ्यासाठी हा अल्बम निरोपाचा नाहीच मुळी.

ठाणे

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. मी लाइव्ह ध्वनी करतो, गेली बारा वर्षं. माझ्या कानाला त्यांचा सर्वांत भक्कम अल्बम 'द गुरिल्ला बिश', २०१७ चा. तो अधिकृत तारखेच्या आधीच टॉवर रेकॉर्ड्स या दुकानांमध्ये अचानक २९९ येनला विकायला ठेवला होता, इतकी खात्री होती त्यांना स्वतःच्या मालावर. त्यांचा संगीत निर्माता केंता मात्सुकुमाचं काम तिथे जास्त मोकळं आहे. शेवटच्या अल्बममध्ये गिटार इतक्या पुढे आणल्या आहेत की गळ्यांना जागा शोधावी लागते. 'स्टार' हे गाणं सोडून. त्याची बांधणी उत्तम आहे, तिथे काही कमी-जास्त करायला जागा नाही.

पण एक सांगतो. २०२० मध्ये त्यांनी एक बेस्ट अल्बम (निवडक जुन्या गाण्यांचा) काढला आणि त्याचं उत्पन्न जपानभरच्या लाइव्ह हाउसना, म्हणजे कार्यक्रमांच्या छोट्या जागांना, दिलं, कारण कार्यक्रम बंद पडले होते. मी तेव्हा आठ महिने घरी होतो. स्पीकर गोदामात, त्यांच्या आतल्या कागदी पडद्यांना बुरशी. दोन पोरं माझ्याकडे कामाला होती, त्यातला एक भाजीची गाडी लावायला लागला, तो परत आलाच नाही. ती बातमी वाचली आणि रात्री झोप आली नाही. मंचावर उभं राहणाऱ्या माणसाला मंच कोण बांधतं याची आठवण राहिली, हे मी तरी विसरणार नाही. मिक्सिंगबद्दलचं माझं मत मात्र तेच.

पुणे

मी २०२१ ला जपानी भाषेच्या एन-टू परीक्षेची तयारी करत होते, वर्ग ऑनलाइन. या अल्बममध्ये 'झेनशिन झेनरेई' नावाचं गाणं आहे. चार कांजींचा, म्हणजे जपानीतल्या चित्राक्षरांचा, शब्द : सगळं शरीर, सगळा आत्मा. आमच्या सेन्सेईंनी (शिक्षकांनी) विचारलं, मराठीत काय म्हणाल? कुणी 'तनमनाने' म्हणालं, कुणी 'जीव ओतून', कुणी 'जिवाच्या आकांताने'. वीस मिनिटं त्यावरच वाद झाला. 'आकांत' शेवटी मागे पडला, कारण त्यात भीती आहे आणि मूळ शब्दात नाही. मी 'जीव ओतून' वर ठाम राहिले.

जाहीर झालं त्यानंतर २०२२ भर दर महिन्याला एक सिंगल, सलग बारा महिने. तेव्हा मला वाटलं, हेच ते. ओतायचं तर भांडं रिकामं होणारच.

नागपूर

माझी लेक ऐकते, मी नाही. ती अकरावीत होती, दार लावून रडत होती. मी घाबरलो. आजकाल पोरांचं काय सांगावं. तिच्या आईने मला पाठवलं. विचारलं तर म्हणाली, "बाबा, ते लोक बंद करून राहिले." मला वाटलं कोचिंग क्लास बंद पडला! मग तिने सगळं सांगितलं, भांडण नाही, पैशाचा प्रश्न नाही, नवीन वर्षाच्या आदल्या रात्री 'कोहाकु'सारख्या मोठ्या कार्यक्रमात पहिल्यांदा गायच्या आठ दिवस आधी त्यांनी हे सांगितलं. मी विचारलं, मग कायले बंद करते? ती म्हणाली, तेच तर समजत नाही.

आम्ही दोघं गच्चीवर गेलो. थंडी होती. तिने एक कान मला दिला, एक स्वतःला. मला शब्द कळले नाहीत. ती मध्येच सांगायची, ही आयुनी, ही चित्ती. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत मला आयुनीचा आवाज ओळखू यायला लागला. मग तीच म्हणाली, बाबा चला, तुम्हाला सर्दी होईल.

ती आता हॉस्टेलवर आहे. मी कधी कधी लावतो. आयुनी आली की कळते.

धागाकर्ती

नागपूरकर दादा, लेकीला सांगा, आयुनी अजूनही गाते. 'पेद्रो' नावाचा तिचा बँड आहे, त्यात ती बेस वाजवते आणि गाते. इथे वाद्य हातात आहे! तुम्ही आधी ऐका आणि मग तिला पाठवा, या वेळी एक कान तुम्ही तिला द्या.

निशीकासाईकर, खाऱ्या दाण्यांचं कूट धुवूनसुद्धा खारटच लागलं असणार. पुढच्या खेपेला कुरिअरने पाठवते, पत्ता खासगी निरोपात कळवा.

अजून कोण कोण आहे? नागोया, ओसाकावाले गप्प का?