मदत हवी आहे: मूड आणि खाण्याच्या प्रयोगात 'खाण्यावरचा ताबा' हा चल (व्हेरिएबल) कुठे बसवायचा?

नमस्कार मंडळी,

एम. ए. मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी प्रयोगाचा आराखडा करतेय आणि एका जागी अडकलेय. संशोधन पद्धतीची सवय असलेल्यांनी कृपया वाचून सांगा.

मूळ प्रश्न: मन उदास असलं की माणूस जास्त खातो का? चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एकाला दुःखद चित्रफीत दाखवायची, दुसऱ्याला तेवढ्याच लांबीची पण भावनांना हात न घालणारी. मग 'चवीची चाचणी' म्हणून बिस्किटांचा वाडगा पुढे ठेवायचा, गोडी आणि कुरकुरीतपणाला गुण द्यायला सांगायचं, हवी तेवढी खा म्हणायचं. वाडग्याचं वजन आधी आणि नंतर करायचं. जितके ग्रॅम कमी झाले, तो परतंत्र चल, म्हणजे परिणाम म्हणून मोजायची गोष्ट. (नग मोजत नाही, अर्धवट खाऊन ठेवलेल्यांचं काय करायचं हा घोळ होतो.) हा बहाणा जुनाच आहे. शाक्टर आणि सहकाऱ्यांनी 1968 साली विजेच्या धक्क्याची भीती घालून लोकांना असेच क्रॅकर्स चाखायला दिले होते.

अडचण पुढे आहे. हर्मन आणि मॅक यांच्या 1975 च्या प्रयोगात, एरवी खाण्यावर ताबा ठेवणाऱ्यांनी (वजनाच्या काळजीने मुद्दाम कमी खाणाऱ्यांनी) आधी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम उलट जास्त खाल्लं, बाकीच्यांनी कमी. उदासीचंही तसंच असेल तर? एक गट वर जाईल, दुसरा खाली, सरासरी जागच्या जागी राहील आणि मी 'मूडचा परिणाम नाही' असं लिहून मोकळी होईन! म्हणून ताबा हा चल हवाच. पण तो मी कुणाला देत नाही, माणूस तो सोबत घेऊन येतो. मी फक्त प्रश्नावलीने मोजणार.

गाईड म्हणतात, ताब्याच्या गुणांचे मध्यकावर (बरोबर मधल्या आकड्यावर) दोन भाग पाड आणि 2 × 2 कर, म्हणजे दोन मूड आणि ताबा जास्त-कमी असे चार गट. मला ते पटत नाही. मध्यकाच्या जरा वरचा आणि जरा खालचा माणूस जवळपास सारखेच, तरी वेगळ्या गटांत जातात. त्यापेक्षा गुण आहेत तसे ठेवून रिग्रेशनमध्ये (चलांचा संबंध मोजणाऱ्या सांख्यिकी पद्धतीत) मूड आणि ताबा यांची आंतरक्रिया, म्हणजे मूडचा परिणाम ताब्यानुसार बदलतो का, हे तपासलं तर चालेल ना? आणि आंतरक्रिया सापडली तरी 'ताब्यामुळे' असं लिहिता येणार नाही, हे बरोबर आहे का?

भुकेचं काय करू? सगळ्यांना ठरावीक तास उपाशी बोलवू, की शेवटचं कधी खाल्लं ते नुसतं नोंदवू? ताबा ठेवणारे मुळातच जास्त भुकेले येतील, अशी शंका आहे.

मूड खरंच बदलला का, हे चित्रफितीनंतर लगेच विचारलं तर हेतू फुटतो. बिस्किटांनंतर विचारलं तर खाण्यानेच मूड बदललेला असेल. चित्रफिती आधी वेगळ्याच लोकांवर तपासून घेतल्या तर पुरेल?

खाण्याचे विकार असलेल्यांना घेणार नाही, शेवटी सगळ्यांना खरा हेतू सांगणार, हे ठरलंय. ताब्याची प्रश्नावली मात्र कधी द्यावी ते कळत नाही. आधी दिली तर लक्ष खाण्याकडे जातं, शेवटी दिली तर नुकतंच खाल्लेलं उत्तरांत उतरतं. काही दिवस आधी, इतर प्रश्नावल्यांमध्ये मिसळून कुणी दिली आहे का?