सेक्रेटरी ते मॅनेजर

गोल्फ क्लबच्या मॅनेजरना वेगळी संघटना कशाला, हॉटेलवाल्यांच्या संघटनेत भागलं असतं, असं एक मत वाचलं; ते अजिबात पटलं नाही. जेवणघर आणि बार हा कामाचा एक तुकडा झाला. मैदानाची निगा, स्पर्धा, हँडिकॅपच्या (खेळाडूच्या कौशल्यानुसार मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीच्या) नोंदी आणि सभासदांनीच निवडलेली समिती (म्हणजे गिऱ्हाईकच मालक!) हे हॉटेलात कुठे असतं?

ब्रिटनमधली संघटना १९३३ साली सुरू झाली ती गोल्फ क्लब सेक्रेटरींची म्हणून. ‘मॅनेजर’ हा शब्द नावात फार नंतर आला. पत्रव्यवहार आणि सभांची इतिवृत्तं सांभाळणाऱ्या माणसावर हळूहळू सगळा कारभारच आला. २०१० च्या समानता कायद्यामुळे मिश्र क्लबांना स्त्री-पुरुष सभासदांत भेद करता येईना, २०२० मध्ये जागतिक हँडिकॅप पद्धत आली. अशा वेळी सल्ला विचारायला मॅनेजरच्या पदाचा दुसरा माणूस क्लबात नसतोच, तो शेजारच्या क्लबात भेटतो; म्हणून तर वेगळी संघटना.