मदत हवी आहे : पीडीएफमधली काळी अक्षरं चार रंगांत फुटतायत

मंडळी, ६४ पानांची पुस्तिका छपाईला द्यायची आहे. आकार ए५, म्हणजे १४८ बाय २१० मिमी. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कडा) धरून पान १५४ बाय २१६ केलंय, फोटो ३०० डीपीआयचे. इथवर ठीक.

घोडं अडलंय काळ्या रंगापाशी. मजकूर आरजीबीत (पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) होता. पीडीएफ काढताना सीएमवायके (छपाईच्या निळी, गुलाबी, पिवळी, काळी या चार शाईंचा) केला, तर साधी काळी अक्षरं चारही शाईंत विभागली गेली. सेपरेशन प्रिव्ह्यूत (एकेका शाईची प्लेट वेगळी दिसते तिथे) काळी प्लेट बंद केली तरी अख्खा मजकूर मळकट तपकिरी दिसत राहतो! छापताना एखादी प्लेट केसभर सरकली की अक्षरांना रंगीत कडा येणार. ८ पॉइंटच्या तळटिपांचं तर विचारूच नका. मला नुसता १०० टक्के के (फक्त काळी शाई) हवाय. प्रत्येक परिच्छेद हाताने न बदलता, तयार पीडीएफमध्येच हे करता येतं का?

दुसरं, प्रेसवाले म्हणतात फाँटचे आउटलाइन (अक्षरांचे नुसते आकार) करून द्या. मागे एकदा फाँट एम्बेड करायचा (पीडीएफमध्येच सामावून द्यायचा) राहिला आणि प्रूफमध्ये वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या, त्यामुळे त्यांची भीती समजते. पण आउटलाइन केल्यावर ऐनवेळी एखादी चूक सापडली, की पुन्हा मूळ फाइलपासून सुरुवात. पीडीएफ/एक्स-४ मध्ये (छपाईसाठीच्या प्रमाणित पीडीएफमध्ये) फाँट एम्बेड होतातच ना, मग तेवढं पुरत नाही का? कुणी देवनागरी पुस्तक असं दिलंय? जोडाक्षरं नीट आली?

फाइल परवा द्यायची आहे, म्हणून जरा घाई.